शेवटून पहिला

जुलै उजाडला की आपल्या हॉस्टेलच्या नोटीस बोर्डावर मेसच्या थकबाकीदारांच्या यादीशेजारी एक कागद लागतो: 'चला कळसूबाईला'. खाली नावं लिहायला रेघा मारलेल्या असतात आणि संध्याकाळपर्यंत त्या भरतातसुद्धा. त्यातली बरीचशी नावं खरी, चार-दोन एकाची दुसऱ्यानेच लिहिलेली आणि एक दरवर्षी रेक्टर सरांचं (ते कोण लिहितं हे अजून उघडकीला आलेलं नाही). गेली दोन वर्षं हा कागद मी लावतोय. यंदाचा लावण्याआधी मात्र मासिकाच्या संपादकांकडून ही पानं मागून घेतली, कारण जुलै २०२४ च्या ट्रेकमध्ये जे झालं त्याच्या हॉस्टेलात तीन वेगवेगळ्या गोष्टी फिरतायत आणि तिन्हींमध्ये मी हिरो आहे. तसं काही नव्हतं.

आधीच सांगतो, हे प्रवासवर्णन नाही. धुकं, धबधबे, हिरवा शालू वगैरे ज्यांना वाचायचं आहे त्यांनी मागचे अंक काढावेत, भरपूर आहे. मला फक्त एक हिशोब मांडायचा आहे. चौतीस जण एकाच वाटेने एक डोंगर चढतात तेव्हा चौतिसाव्याचं नेमकं काय होतं? व्हायवाला हे कुणी विचारत नाही, म्हणून इथे लिहितो.

नवीन आलेल्यांसाठी थोडी माहिती. कळसूबाई हे महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, १६४६ मीटर. अकोले तालुक्यात, अहिल्यानगर (२०२४ पर्यंतचं अहमदनगर) आणि नाशिक या दोन जिल्ह्यांच्या हद्दीवर. घोटीहून भंडारदऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर बारी नावाचं गाव लागतं, तिथून नेहमीची वाट. गावाच्या वर पायथ्याला देवीचं एक देऊळ आहे, ज्यांना चढणं होत नाही ते तिथूनच नमस्कार करतात. अवघड कड्यांवर लोखंडी शिड्या आहेत, शेवटच्या शिडीच्या खाली विहीर आहे, आणि अगदी माथ्यावर कळसूबाईचं छोटंसं देऊळ. आत चार-पाच माणसं शिरली की भरलं. नवरात्रात इथे जत्रा भरते तेव्हा आजूबाजूच्या गावांतल्या म्हाताऱ्या बायका अनवाणी चढून जातात, हे आपल्या 'बुटाला ग्रिप नाही' म्हणणाऱ्या मंडळींनी लक्षात ठेवावं.

आता नियोजन. सेकंड इयरपासून आपल्याला सगळ्याचं कॅल्क्युलेशन करायची सवय लावलेली, म्हणून मी तेही केलं होतं. १८९२ साली विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने डोंगरातल्या वेळेचा एक ढोबळ नियम सांगितला. आजच्या मापात पाच किलोमीटरला एक तास, आणि वर दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास. बारीपासून माथ्यापर्यंत चढ साधारण नऊशे मीटर, म्हणजे दीड तास. वाट मी साडेतीन किलोमीटर धरली, त्याची बेचाळीस मिनिटं. एकूण दोन तास बारा मिनिटं. पावसाचं आणि आपल्या स्टॅमिन्याचं मार्जिन धरून तीन तास केले. आठला निघायचं, अकराला वर, बाराला परत फिरायचं. आणि एक अट: दुपारी एक वाजता जो जिथे असेल तिथून मागे वळेल, देऊळ दहा पावलांवर असलं तरी. ही अट मी गाडीत दोनदा वाचून दाखवली. टाळ्या पडल्या.

या सगळ्या हिशोबात एक चूक होती. नेस्मिथचा नियम एका माणसाचा आहे. आम्ही चौतीस होतो.

चौतिसावा कोण ते सांगतो. दुसऱ्या वर्षातला एक मुलगा. त्याची परवानगी आहे, तरी नाव लिहीत नाही, पिंट्या म्हणू. शनिवारी रात्री दोनपर्यंत तो जर्नल पूर्ण करत होता. पहाटे पाचला गाडी सुटली तेव्हा हा झोपेतच येऊन बसला, घोटीला सगळे नाश्त्याला उतरले तेव्हा झोपलेलाच. कुणीतरी म्हणालं उठवू या, मी म्हटलं झोपू दे बिचाऱ्याला. अंगात सुती टी-शर्ट, जीन्स आणि रूममेटचा विंडचीटर, ज्याची चेन अर्ध्यावर अडकते. पाठीवर सगळ्यांच्या भेळेचं सामान आणि पाच लिटर पाणी, कारण सामायिक सॅक ज्युनिअरने उचलायची ही आपली थोर परंपरा. मी 'शेपूट' होतो, म्हणजे सगळ्यात मागे राहून कुणी सुटत नाही ना हे बघणारा. ज्याच्यावर लक्ष ठेवायचं तो दिवसभर माझ्या समोर तीन फुटांवर होता, हे मुद्दाम सांगतो.

आधी इंधनाचा हिशोब, तो सोपा आहे. पिंट्या साठ किलो, सॅक सात किलो. सदुसष्ट गुणिले ९.८ गुणिले नऊशे म्हणजे सुमारे ५९० किलोज्यूल, साधारण १४० किलोकॅलरी. हे नुसतं वजन वर नेण्याचं काम. आपलं शरीर म्हणजे काही फार चांगलं इंजिन नाही, एफिशियन्सी फार तर वीस-पंचवीस टक्के. म्हणजे खरा खर्च साडेपाचशे ते सातशे किलोकॅलरी, शिवाय अंग गरम ठेवायचं ते वेगळं. आणि टाकीत आदल्या रात्रीची मेसची खिचडी.

आठला निघालो. भाताच्या खाचरांच्या बांधांवरून चालताना इरली घेतलेल्या बायका आवणी करत होत्या, त्यांनी आमच्याकडे बघून काय म्हटलं ते कळलं नाही पण त्या हसल्या नक्की. देवळाच्या वर एक ओहोळ लागला, घोट्याइतकं पाणी. त्यात सगळ्यांनी फोटो काढले. हा ओहोळ लक्षात ठेवा.

शिड्या. शिड्या तिथेच का आहेत, हा प्रश्न मला आधी पडला नव्हता. सह्याद्रीचा हा भाग म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरलेले लाव्ह्याचे थर. काही थर घट्ट, त्यांचे उभे कडे होतात. काही थर भेगाळ, बुडबुड्यांच्या भोकांचे, ते लवकर झिजतात आणि तिथे उतार आणि सपाट्या होतात. म्हणून कडा, मग सपाटी, पुन्हा कडा, असा जिनाच तयार झालाय. या खडकाला 'ट्रॅप' म्हणतात तेसुद्धा पायऱ्यांच्या स्वीडिश शब्दावरून. म्हणजे चालायची वाट ऐसपैस आणि मध्येच एक माणूस मावेल एवढी शिडी. मोठ्या पाइपलाइनला मध्ये-मध्ये अर्ध्या इंचाचे नळ बसवल्यासारखं.

ओल्या शिडीवर एक माणूस वर पोचेपर्यंत दुसरा चढवायचा नाही असं ठरवलं होतं. साधारण चाळीस सेकंदाला एक. चौतीस गुणिले चाळीस, म्हणजे तेवीस मिनिटं. पहिला माणूस शिडी चढून वर जातो, आडोशाला बसतो, चिक्की काढतो. चौतिसावा तेवीस मिनिटं खाली उभा. बसायला जागा नाही, सगळा चिखल. कड्यावरून येणारा वारा थेट अंगावर, पाठीवर सॅक, आणि चालून आलेल्या घामाने आतून आणि पावसाने बाहेरून भिजलेला. मग तो कसाबसा वर येतो, आणि पुढचे म्हणतात, 'चला, आले सगळे!' आणि उठतात.

हे मी तेव्हा पाहत होतो, पण मला दिसलं नाही. दिसलं नंतर, कागदावर. मोबाईलच्या फोटोंवर वेळ असते. परत आल्यावर मी सगळ्यांचे फोटो गोळा करून तक्ता बनवला. पायथ्याच्या देवळापाशी पुढचे दहा मिनिटं बसले, आम्ही पोचल्यावर दोन मिनिटांत निघाले. पहिल्या शिडीच्या वर ते सत्तावीस मिनिटं बसले, आम्हाला मिळालं एक मिनिट. दुसऱ्या शिडीच्या वर ते चोवीस मिनिटं बसले आणि आम्ही चढून येईपर्यंत निघूनही गेले होते. बेरीज करा. पुढच्यांना एकसष्ट मिनिटं विश्रांती. पिंट्याला तीन. शिवाय दोन शिड्यांखाली पाऊण तास वाऱ्यात उभं राहणं, जे पुढच्यांच्या वाट्याला आलंच नाही. जो सगळ्यात कमी तंदुरुस्त, त्यालाच सगळ्यात कमी विश्रांती आणि सगळ्यात जास्त थंडी. हे कुणी ठरवून केलं नव्हतं. उलट पुढचे बिचारे आमच्यासाठी 'थांबत' होते.

दुसऱ्या शिडीनंतर पिंट्या गप्प झाला. मला बरं वाटलं, म्हटलं आता नीट चालतोय. मग दोनदा सरळ वाटेवर अडखळला. त्याच्या रूममेटने चिडवलं, 'काय रे, रात्रीची उतरली नाही काय!' आम्ही हसलो. मी विचारलं, "बरा आहेस ना?"

"हो दादा."

"खाल्लंस का काही?"

"हो."

"किती वाजले रे तुझ्या घड्याळात?"

"हो."

या तिसऱ्या 'हो'ला मला कळायला हवं होतं. मी वळून त्याच्याकडे पाहिलंसुद्धा. ओठ निळसर, हात पोटाशी. आणि मी काय म्हणालो? "चल, थोडंच राहिलंय." पुढची वीस-पंचवीस मिनिटं मी हे वाक्य किती वेळा म्हटलं ते त्याच्या रूममेटला विचारा, तो नक्कल चांगली करतो. चौतीसच्या चौतीस जणांना माथ्यावर न्यायचं हे माझ्या डोक्यात होतं. एकही गळाला नाही, असं वार्षिक अहवालात लिहायचं होतं.

साडेअकराच्या सुमाराला तिसऱ्या शिडीच्या अलीकडे एक ताडपत्रीची टपरी लागली. चूल पेटलेली, एक मावशी भजी तळत होत्या. पिंट्या टपरीच्या खांबाला धरायला गेला आणि त्याची बोटं मिटेचनात. खांब नुसताच तळहातावरून सरकला. हे माझ्याआधी मावशींनी पाहिलं.

"दादा, ह्यो पोरगा गारठलाय. वर नको नेऊस."

मी म्हटलं, "मावशी, पंधरा मिनिटांचं तर राहिलंय." (खरं तर त्याच्या चालीने तासाची वाट बाकी होती.)

"मंग पंदरा मिंटांत काय देवी पळून चालली व्हय? ती हितंच हाय. आत घे त्याला."

मी तरीही उभा राहिलो. मग त्यांनी माझ्याशी बोलणंच सोडलं. पिंट्याला दंडाला धरून आत बसवलं, विंडचीटरची अडकलेली चेन सरळ फाडली, ओला टी-शर्ट काढला, स्वतःची घोंगडी त्याच्या अंगाभोवती दोन वेढे घालून गुंडाळली आणि चुलीपासून हातभर लांब बसवलं. मग गुळाचा चहा, आधी घोट-घोट, नंतर दोन ग्लास. तेवढ्या उंचीवर पाणी पंच्याण्णव अंशांच्या आसपासच उकळतं, पण इतका गरम चहा मी आजपर्यंत पाहिलेला नाही.

पिंट्याला काय झालं होतं याचं नाव मला नंतर कॉलेजच्या डॉक्टरांनी सांगितलं: हायपोथर्मिया. शरीराच्या आतलं तापमान पस्तीस अंशांच्या खाली जायला लागणं. मला वाटायचं हे हिमालयात होतं, बर्फात. त्या दिवशी वर तापमान फार तर सतरा-अठरा असेल. पण पाणी उष्णता वाहून न्यायला हवेपेक्षा चोवीस-पंचवीस पट सरस. कोरडे कपडे गरम ठेवतात ते कापडामुळे नव्हे, त्यात अडकलेल्या हवेमुळे. सुती कापड भिजलं की त्या हवेच्या जागी पाणी भरतं आणि इन्सुलेशन संपतं. जीन्स तर तास न् तास वाळत नाही. वर हजार मीटरला तापमान पाच-सहा अंशांनी उतरतं, वारा असतो, पोटात काही नसतं आणि माणूस उभा असतो. हीट ट्रान्सफरच्या पेपरला याहून सोपा प्रश्न येत नाही, आणि त्या विषयात मला चांगले मार्क आहेत.

डॉक्टरांनी आणखी काही सांगितलं ते तसंच्या तसं लिहितो, कारण उपयोगाचं आहे. सुरुवातीला माणूस थडथड कापतो. मग बोटं ऐकत नाहीत, चेन-बटणं जमत नाहीत, पाय अडखळतात, बोलणं तुटक होतं, चिडचिड होते किंवा एकदम गप्प. त्याला स्वतःला हे कळत नाही, म्हणून 'बरा आहेस ना' हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. बटण लावायला सांगा किंवा रोल नंबर उलटा म्हणायला सांगा. कापणं थांबलं आणि माणूस अजून थंडच असला तर तो बरा होत नाहीये, बिघडतोय, मग लगेच दवाखाना. ओले कपडे काढायचे, छाती-पोट आधी गरम करायचं, शुद्धीवर असेल तर गोड-गरम प्यायला द्यायचं. हातपाय जोराने चोळायचे नाहीत. आणि आपल्याकडे काही महाभाग 'अंगात ऊब येते' म्हणून जे सुचवतात ते अजिबात द्यायचं नाही, त्याने कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि उष्णता आणखी निसटते. मावशींनी हे कुठल्याही पुस्तकाशिवाय बरोबर केलं. मी मात्र त्याचे पाय चोळायला बसलो होतो.

पाऊणेक तासाने पिंट्या म्हणाला, "दादा, भेळेची सॅक कुठे राहिली?" तेव्हा मी पहिल्यांदा नीट श्वास घेतला.

पुढच्यांना कळवायचं होतं. शिट्टी वाऱ्यात दहा पावलांपलीकडे ऐकू जात नव्हती, मोबाईलला रेंज नव्हती. शेवटी बारा वाजून दहा मिनिटांनी थर्ड इयरच्या एकाला वर पळवलं. तो पोचला तेव्हा पुढची सगळी मंडळी देवळाच्या भोवती भिंतीला चिकटून कुडकुडत उभी होती. पावणेबारापासून. का, तर 'सगळे आल्याशिवाय ग्रुप फोटो काढायचा नाही.' म्हणजे प्रेमाने थांबले होते. दर्शन होऊन तास उलटला होता, बाराला निघायचं ते कुणाच्या लक्षात नव्हतं, आणि एकची अट आठवायची तर ज्याने घातली तो मागे होता. निरोप मिळाल्यावरही फोटो झाला, भेळेऐवजी चिक्कीवर भागलं, आणि निघाले सव्वाला.

आम्ही खाली टपरीत वाट बघत होतो. मावशी भजी तळता-तळता बोलत होत्या. रूममेटने त्यांना विचारलं, ही कळसूबाई कोण? त्यांनी सांगितलेली गोष्ट इथे बहुतेकांना माहीत असते, मी मात्र दोनदा वर जाऊन आलो तरी ऐकली नव्हती. कळसू नावाची कोळ्याची पोर. पायथ्याच्या गावात एका घरी कामाला राहिली. राहण्याआधी तिने सांगितलं होतं, बाकी काहीही काम सांगा, पण भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही. घरच्यांनी हो म्हटलं. एक दिवस घरात पाहुणे फार आले, हाताला माणूस कमी, तिला म्हणाले, एवढी भांडी घास. तिने घासली. आणि उठून डोंगरावर निघून गेली, ती परत आलीच नाही. भांडी घासली ती जागा थाळे मेळ.

रूममेट म्हणाला, "एवढ्याशा कारणावरून?"

मावशी म्हणाल्या, "कारन येवढंसंच आसतंय. पर आधी बोलली व्हती ना ती."

मी घड्याळात पाहिलं. एक वाजून वीस. गाडीत टाळ्या घेऊन घातलेली अट मोडून वीस मिनिटं झाली होती, आणि ती मोडणाऱ्यांत पहिला मीच. कारण ज्या मिनिटाला पिंट्याची बोटं मिटेनात त्या मिनिटाला निरोप पाठवायचा सोडून मी अर्धा तास 'बघू, बरा होईल, नेऊ वर' करत बसलो होतो.

दोनला सगळे टपरीपाशी जमले. उतरताना मात्र एक गोष्ट बरोबर झाली, तीही योगायोगाने. पिंट्याला कुणाच्या तरी कोरड्या शर्टात आणि वर प्लॅस्टिकची गोणी पांघरून पुढच्या माणसाच्या लगेच मागे ठेवला, म्हणजे घसरला तर सगळ्यांना दिसेल. त्यामुळे तेहेतीस जणांना त्याच्याच चालीने चालावं लागलं. शिड्यांवर पहिला तो. खाली उतरून तो बसायचा आणि सगळे येईपर्यंत त्याला पूर्ण तेवीस मिनिटं मिळायची. चढताना पिंट्या सगळ्यात मागे पडला होता. उतरताना तो कुठेही मागे नव्हता, आणि रांगही कुठे तुटली नाही.

पुढे सेमिस्टरमध्ये हे सांगितल्यावर इंडस्ट्रियलच्या सरांनी मला एक कादंबरी आणून दिली: एलियाहू गोल्डरॅटची 'द गोल', १९८४ ची. कारखान्यातल्या बॉटलनेकवर आहे. त्यात स्काउटच्या पोरांची एक पदयात्रा आहे आणि सगळ्यात हळू चालणाऱ्या मुलाला शेवटी रांगेच्या पुढे आणतात, त्याच्या पाठीवरचं ओझं सगळ्यांत वाटतात. सर म्हणाले, "हे मी तुम्हाला दुसऱ्या युनिटला शिकवलंय." शिकवलं असणार. त्या तासाला मी टपरीवर होतो. आपल्या कॉलेजच्या, कळसूबाईच्या नव्हे.

ओहोळ लक्षात ठेवा म्हटलं होतं. चार वीसला आम्ही तिथे पोचलो तेव्हा सकाळचं घोट्याइतकं पाणी गुडघ्याच्या वर आलं होतं आणि रंग चहासारखा. तीनपासून पाऊस मुसळधार होता. सिव्हिलवाल्यांना सांगायला नको: वर नुसता एक चौरस किलोमीटर उतार धरला आणि तासाला पन्नास मिलिमीटर पाऊस, त्यातला साठ टक्के जरी लगेच वाहून आला तरी सेकंदाला आठ घनमीटरच्या वर पाणी होतं. उतार तीव्र, मातीचा थर पातळ, मुरायला वेळच नाही. दोघे-तिघे म्हणाले, हात धरून साखळी करू आणि जाऊ. मेकॅनिकलवाल्यांसाठी: अर्धा मीटर खोल पाण्यात दोन पाय म्हणजे साधारण ०.१५ चौरस मीटर आडवा छेद. वेग सेकंदाला एक मीटर असेल तर पायांवर जोर पंच्याहत्तर न्यूटन. वेग दुप्पट झाला की जोर चौपट, तीनशे न्यूटन, म्हणजे तीस किलोचं वजन कुणीतरी सतत आडवं ढकलतंय, आणि पायाखाली शेवाळलेले गोटे. साखळीत एक घसरला की तो इतरांना घेऊन जातो.

हे गणित मी तिथे केलं असं सांगितलं तर खोटं होईल. तिथे आम्ही आपसांत भांडत होतो. आवणी आटोपून येणारे दोन गावकरी पलीकडच्या काठावर उभे राहिले, त्यांनी हात आडवा करून खुणेनेच सांगितलं: बसा. पाऊस चार तीसला कमी झाला. पाच दहापर्यंत पाणी पोटरीच्या खाली उतरलं. लहान पाणलोटाचा ओहोळ चढतो जसा झटकन तसा उतरतोही, थांबायला तेवढं मन पाहिजे. गावकऱ्यांनी पलीकडून काठी लांब केली आणि एकेक जण पार झाला. आम्ही एकला वळलो असतो तर तीनच्या आत हा ओहोळ ओलांडला असता, पाऊस वाढायच्या आत.

हॉस्टेलवर आल्यावर दोन दिवस चर्चा होती की 'पिंट्यामुळे उशीर झाला.' तेव्हा मी तो फोटोंच्या वेळांचा तक्ता मेसच्या दारावर चिकटवला. कुणी काही बोललं नाही. तिसऱ्या दिवशी कुणीतरी त्यावर पेन्सिलीने लिहिलं, 'सॅक कुणी दिली होती?' अक्षर ओळखीचं होतं, पण प्रश्न बरोबर होता.

तर यंदाची व्यवस्था. चौतिसांची एक रांग काढायची नाही. आठ-नऊ जणांचे गट, वीस-वीस मिनिटांच्या अंतराने बारीतून सुटणार. प्रत्येक गटात सगळ्यात हळू चालणारा दुसऱ्या नंबरावर, शिडीवर तोच पहिला. विश्रांतीची पाच मिनिटं मोजायची ती शेवटचा माणूस बसल्यापासून. भेळेची सॅक 'मी तर पळत चढतो' म्हणणाऱ्यांच्या पाठीवर. प्रत्येकाकडे एक कोरडा शर्ट, प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून, आणि तो फोटोसाठी नाही. घोटीला सगळ्यांनी खाल्लं की नाही हे गाडीत बसताना विचारलं जाईल, झोपलेल्यांना उठवून. एकची वेळ प्रत्येक गटाची वेगळी पाळायची, कुणी कुणासाठी देवळापाशी थांबायचं नाही. ग्रुप फोटो बारीत, गाडीसमोर.

मावशींची घोंगडी धुऊन, वाळवून नोव्हेंबरात परत दिली. पिंट्या बरोबर होता. ऊन होतं, आकाश स्वच्छ, माथ्यावरून भंडारदऱ्याचं पाणी आणि अलंग-मदन-कुलंग सगळं दिसत होतं. तो देवळात बराच वेळ होता. बाहेर येऊन म्हणाला, "दादा, पंधरा मिनिटं नाही, टपरीपासून पन्नास मिनिटं लागतात. मी वेळ लावली होती."

कागद येत्या सोमवारी लागेल. नावं स्वतःच्याच हाताने लिहावीत. जीन्स घातलेल्यांना गाडीत घेतलं जाणार नाही. पहाटे पाचला गाडीच्या दाराशी मी आणि पिंट्या उभे असू, आणि पिंट्या माझ्यापेक्षा कडक आहे.